बारातले पाच

एका गावात केरबा नावाचा एक शेतकरी होता. माणूस लाखमोलाचा, पण त्याच्या घरी जेवायला जायचं म्हटलं की पाहुण्यांच्या पोटात गोळा यायचा. ‘पुरे’ म्हटलेलं त्याला चालतच नसे. दोन भाकरी खाणाऱ्याला हा चार वाढायचा आणि वर तुपाची धार. “आमच्या घरात हात राखून द्यायची रीत नाही,” असं वर ऐकवायचा.

त्याची थोरली बहीण गजराक्का शेजारीच राहायची. कानात यंत्रं घातल्याशिवाय तिला काही ऐकू येत नसे. तिची लेक शालन तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. ती कामावर गेली की तिची तान्ही पोर अक्काच सांभाळायची. अक्काचा सगळा जीव त्या पाळण्यात होता.

एकदा गावची डीपी जळाली आणि वीज गेली. अक्काची यंत्रं ज्या डबीत चार्ज व्हायची, ती डबी बंद पडली.

“ट्रॅक्टरची बॅटरी आहे की! मी करतो,” केरबा म्हणाला.

शालनने त्याच्या हातात काडेपेटीएवढा कन्व्हर्टर ठेवला. “मामा, बॅटरी बारा व्होल्टची आहे, डबीला पाचच लागतात. हा मध्ये लावा, म्हणजे कमी होऊन जाईल.” एवढं सांगून ती कामावर गेली.

केरबाने तो कन्व्हर्टर उलटसुलट करून पाहिला. त्याला काही ते पटेना. आपल्याकडे बारा असताना सख्ख्या बहिणीला पाच द्यायचे? छे! त्याने कन्व्हर्टर खिशात टाकला आणि वायरी थेट बॅटरीला जोडल्या. डबीतून बारीक धूर निघाला आणि जळका वास सुटला. वायरच खराब असणार, असं म्हणत हा शहाणा दुसरी वायर आणायला मळ्यात गेला.

परत आला तेव्हा अंगणातच पोरीचं रडणं कानावर आलं. रडून रडून तिचा घसा बसला होता. आणि अक्का हातभर अंतरावर, पाळण्याकडे पाठ करून, शांतपणे हरभरे निवडत होती. केरबाने पोरीला उचललं तेव्हा कुठे अक्काने वळून पाहिलं.

“किती वेळ रडत होती रे?”

केरबाने मान खाली घातली आणि जळलेली डबी पुढे केली.

“शालनला सांग, पोर दुसऱ्या कुणाकडे ठेव,” असं म्हणून अक्काने पदर तोंडाला लावला. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्याने शालनला काही न लपवता सगळं सांगितलं. तिला राग आला नसेल असं नाही, पण मामाचं तोंड पाहून तिने तो गिळला.

“तुम्ही मायेनंच केलंत, मामा. त्या डबीला तेवढं पेलत नाही, एवढंच.”

नशिबाने कानातली यंत्रं वाचली होती. दुसऱ्या दिवशी केरबा तालुक्याला जाऊन नवी डबी घेऊन आला. या वेळी त्याने कन्व्हर्टर मध्ये लावला. इवलासा हिरवा दिवा लागला. चार्ज व्हायला वेळ लागणार होता. थोडं जास्त दिलं तर लवकर आटपेल, असं त्याच्या मनात येऊन गेलंच. मग बिचारा स्वतःचेच हात मांडीखाली दाबून बसून राहिला.

अक्काने यंत्रं कानात घातली, पण पाळण्याजवळ जायला ती धजेना. केरबानेच तिला हाताला धरून तिथे बसवलं. पोर झोपली होती. अक्काने पुन्हा हरभरे पुढ्यात ओढले. थोड्या वेळाने निवडता निवडता ती थांबली.

“उठली वाटतं.”

केरबाला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने वाकून पाहिलं. पोर डोळे उघडून मूठ चोखत होती.

अक्काने तिला छातीशी घेतलं. “शालनला सांग,” ती म्हणाली, “पोर माझ्याकडेच राहू दे.”

तात्पर्य: देताना आपल्याकडे किती आहे हे पाहू नये, घेणाऱ्याला किती पेलेल हे पाहावं. मायेलाही यातून सूट नाही.