कमानीचं सागवान

फार वर्षांमागची गोष्ट. एका ओढ्याकाठच्या गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत एकच गुरुजी होते. चाळीस वर्षं त्यांनी गावाकडून पाढे घोकून घेतले. कान पिरगाळण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, तरी मुलांचा त्यांच्यावर फार जीव होता.

गावात एक चांगली रीत होती. शिकून मोठी झालेली, चार पैसे मिळवू लागलेली मुलं दरवर्षी शाळेला गाडीभर भेट पाठवत. ती शाळेत ठेवायची नसे. या शाळेत कधीकाळी बसलेल्या कोणीही गावाच्या कामासाठी ती मागावी, अर्ज मात्र स्वतःच्या हाताने लिहावा, आणि निवड गुरुजींनी करावी. अशाच भेटींतून गुरांसाठी दगडी हौद झाला होता, रस्त्याकडेला चिंचा लागल्या होत्या.

त्या वर्षी शहरात लाकडाचा व्यापारी झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने गाडीभर सागवान पाठवलं. सोबत त्याचाच अर्ज होता: ‘शाळेपुढे कमान उभारावी आणि तिच्यावर गुरुजींचं नाव कोरावं. श्रावणात बघायला येतो.’

गुरुजींनी अर्ज तीनदा वाचला. “कशाला हे सगळं!” असं ते चारचौघांत म्हणाले खरे, पण त्यांच्या मनात कमान केव्हाच उभी राहिली होती. खोटं कशाला सांगा, आपलं नाव कुठेतरी लागावं असं त्यांनाही वाटतच होतं.

दुसऱ्या दिवशी गावची सुईण आली. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. तिच्या कागदावर वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढंच होतं: ‘ओढ्यावर चालण्यापुरता साकव पाहिजे. पुरात पलीकडे जाता येत नाही. तिकडे बाया अडतात.’

“मागच्या पावसाळ्यात काय झालं होतं गं?” गुरुजींनी विचारलं.

“पूर आला हुता, गुरुजी. म्या अलीकडनं वरडून सांगत हुते, पलीकडं अडलेल्या बाईची सासू ऐकून तसं करत हुती. प्वार वाचलं, पण त्याची आई गेली. औंदा श्रावणात पलीकडच्या कुंभाराच्या सुनंचं दिस भरत्यात.”

मग कमानीचं कानावर आलेलं तिला आठवलं. ती घाईने म्हणाली, “पर कमान आधी हुंद्या. तुमचं नाव लागलं तर समद्यांनाच बरं वाटंल. उरल्यासुरल्या फळ्या द्या मला, बघते जोडून.”

गुरुजींना स्वतःची लाज वाटली. ज्या पोरीला जेमतेम दोन वर्षं शिकवलं, तिला त्यांच्या नावाचीही काळजी होती आणि पलीकडच्या बायकांचीही.

“उरल्यासुरल्या कशाला?” ते म्हणाले. “सगळंच घे.”

ज्यांना कधी भेट पाठवणं जमलं नव्हतं, ते जुने विद्यार्थी आपापली कामं सोडून राबायला आले. आषाढ सरायच्या आत साकव तयार झाला.

श्रावणात व्यापारी आला. कमान दिसेना तसा तो घुश्शात म्हणाला, “गुरुजी, माझं सागवान कुठे गेलं?”

“चल, दाखवतो.”

ओढा दुथडी भरून वाहत होता. साकवावरून एक म्हातारी कुंभारीण हातात टोपली घेऊन येत होती. अनोळखी पाहुणा दिसताच तिने त्याच्या ओंजळीत मूठभर घुगऱ्या घातल्या.

“घ्या बाबा, नातीच्या बारशाच्या हायेत. पोटात प्वार आडवं झालं हुतं. सुईणबाई पुरावरनं धावत आली म्हनून माझी सून बी ऱ्हायली आन् नात बी. ज्यानं ह्ये लाकूड धाडलं, त्येच्या लेकराबाळांचं कल्याण हुंद्या!”

व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. तो गुरुजींच्या पायाशी वाकला, तसे गुरुजी मागे सरले.

“माझ्या पाया पडू नकोस. मीही कमानच बांधणार होतो. आभार मानायचे तर त्या सुईणीचे मान.”

व्यापारी सुईणीच्या दारात गेला आणि तिला हात जोडून आला. पुढल्या वर्षीही त्याची गाडी आली, पण या खेपेला सोबत अर्ज नव्हता. चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘गुरुजी, यंदा गावात कोण अडलं आहे?’

तात्पर्य: शाळेचे उपकार मनापासून आठवत असतील, तर गावातल्या अडलेल्या माणसाच्या उपयोगी पडावं, गुरुजींना त्याहून मोठी दक्षिणा नाही.