कुंचीचे बंद

"पण या खेपेला तरी सगळं सुखरूप होईल ना, मावशी?"

 एस्तेरमावशींनी मांडीवरच्या कापडातून सुई काढली आणि आवाज आला त्या दिशेला पुढे केली.

"आधी दोरा ओव."

सरोजिनीबाईंनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवला. सुई परत दिली.

मावशी चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं त्यांनी सुईणपण केलं होतं. गावातलं निम्मं माणूस जगात आलं ते आधी त्यांच्या हातांवर. काचबिंदूने डोळे नेले, तेव्हा दवाखाना सुटला. पण लोक विचारायला अजून त्यांच्याकडेच येत. बायबलमधलं एखादं वचन अडलं की पाळकसाहेबसुद्धा येत.

सरोजिनीबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. भगिनी मंडळाच्या अध्यक्ष. उपास-प्रार्थनेत त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांची सून, मुलगा अमोसची बायको कृपा, आठव्या महिन्यात होती. याआधीचं बाळ दोन वर्षांपूर्वी आठव्यातच गेलं होतं.

आज शनिवार, सकाळची शाळा. ती सुटली तशा त्या घरी न जाता इकडे आल्या होत्या. जानेवारीचा शेवट होता. चर्चच्या दारावरची नाताळची चांदणी अजून कुणी उतरवली नव्हती. ओट्यावर उन्हात बसूनही पाय गार पडत होते.

"काय काय केलंस?" मावशींनी विचारलं.

"चाळीस दिवस झाले, एकवेळ जेवतेय. शुक्रवारी पाणीही नाही. बारा घरांत साखळी प्रार्थना लावलीय. दर तासाला एक घर, खंड नाही. एकदा पाटोळ्यांच्या घरी सगळे लग्नाला गेले होते, तर त्यांचा तास मी धरला."

"पाटोळे लग्नाला जेवले असतील."

"तेच तर."

मावशी हसल्या. मग म्हणाल्या,

"आणि बाळासाठी काय केलंस?"

"हे सगळं बाळासाठीच की."

"हे प्रभूसाठी झालं. बाळाला थंडी वाजेल. त्याला काय केलंस?"

सरोजिनीबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"ही मागची शिवण घाल," मावशींनी कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं. "माझे टाके वाकडे जातात."

कुंची होती. बाहेरून हिरवा खण, आतून कसलंसं मऊ अस्तर. टोपीला मागून शिवण घालायची राहिली होती. मावशींच्या मांडीवर कायम असं काही असायचंच. दवाखान्यात कुणाचं तरी उघडं पोर असायचंच.

"कुणाची?"

"येणाऱ्याची."

सरोजिनीबाईंनी पुढे विचारलं नाही. टाके घालू लागल्या. त्यांचा टाका बारीक आणि सरळ. शिवणाच्या तासाला मुली तो टाका गिरवायच्या.

"बोल की," मावशी म्हणाल्या. "घरी काय शिवून ठेवलंयस?"

"काही नाही."

"झबलं?"

"नाही."

"दुपटी? टोपरं?"

"काहीच नाही. व्रत घेतलंय मी. बाळ हाती येईपर्यंत घरात नवं काही आणायचं नाही, आणि त्याच्यासाठी माझ्या हाताने एक टाका घालायचा नाही. घरात सगळ्यांना बजावलंय. सगळं प्रभूवर सोडलंय, मावशी."

"बरं केलंस."

"हो."

"मग भितेस कुणाला?"

टाका थांबला.

"भीत नाही मी."

"झबलं दिसलं की प्रभूची दृष्ट लागते का गं?"

"असं काय बोलता…"

"रूथच्या आईने पोराच्या मनगटात काळा दोरा बांधला होता. तू तिला मंडळात सगळ्यांसमोर तोडायला लावलास."

"तो दोरा वेगळा."

"हो. तो दिसत होता."

सरोजिनीबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. उठून जावं असं वाटलं… पण मांडीवर दुसऱ्याचं काम होतं, आणि सुई कापडात होती.

त्यांनी पुढचा टाका घातला.

"बाळंतविडा म्हणतात ना आपल्यात?" मावशींनी विचारलं.

"हो."

"विडा काम झाल्यावर उचलतात का?"



चर्चच्या आवारात कुणीतरी पाचोळा झाडत होतं. झाडूचा आवाज जवळ आला, लांब गेला.

"मागच्या खेपेला उचलला होता, मावशी." सरोजिनीबाई अगदी हळू बोलल्या. "पाचव्या महिन्यातच. चार झबली, दोन टोपरी, कुंची. कुंचीला गोंडा केला, मोती लावले. मंडळाच्या बायकांना घरी बोलावून दाखवलं. केवढी मिरवले मी… तेव्हा माझा विश्वास होता. काय झालं?"

"काय झालं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तू सांग."

"मुलगी होती. रडली नाही."

मावशींनी मान हलवली.

"माझे डोळे गेले होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "पण कृपाने मला बोलावून घेतलं. म्हणाली, मावशींच्या हातात द्या हिला. मी धरली. नाक अमोसचं होतं. बोटं लांब, तुझ्यासारखी."

"मावशी…"

"कुंची आणायला तुझ्याकडे माणूस धाडला होता मी."

सरोजिनीबाईंचा हात कापडावर पडून राहिला.

"तू काय निरोप दिलास?"

"…नको म्हणाले."

"का?"

"ट्रंक उघडवेना. वाटलं, ती कुंची मातीत गेली तर… सगळंच जाईल. माझं मागणंही जाईल." त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. "मग कशात ठेवलीत तिला?"

"दवाखान्याच्या चादरीत. शिक्का होता चादरीवर. तो आतल्या बाजूला घेतला."



"मला हे कुणी सांगितलं नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"तू विचारलं नाहीस. तू दुसऱ्या दिवसापासून उपास धरलास."

ऊन ओट्यावरून खाली उतरत चाललं होतं. मावशींनी पायांवरची चादर नीट केली. मग एकदम वेगळंच विचारलं.

"नाताळची नाटिका यंदाही तूच बसवलीस ना?"

"हो. वीस वर्षं मीच बसवते."

"मरियेच्या हातात काय देतेस?"

"बाहुली."

"उघडीच?"

"उघडी कशी? बाळंत्यात गुंडाळून."

"बाळंतं कुठून आलं तिथं? गोठ्यात मिळालं?"

सरोजिनीबाईंनी डोळे पुसले. प्रश्न साधा होता. शाळेत त्यांनी हजार प्रश्न विचारले होते, हा कधी विचारला नव्हता.

"बरोबर आणलं असेल. घरून."

"बेथलेहेमात उतरायचं कुठं, ठाऊक होतं तिला?"

"नाही."

"बाळंतपण कोण करणार, ठाऊक होतं?"

"नाही."

"पुढे त्या बाळाचं काय होणार, ते?"

"…नाही."

"पण बाळंतं होतं बरोबर."

 सरोजिनीबाई खाली मान घालून शिवत राहिल्या. शेवटचे सहा-सात टाके उरले होते, ते त्यांनी घातले. दातांनी दोरा तोडला.

"झाली शिवण."

"टोपी उघडून बघ," मावशी म्हणाल्या. "अस्तर नीट बसलंय का? मला दिसत नाही."

त्यांनी टोपीत दोन बोटं घातली, कड उलटी केली आणि अस्तर उजेडाकडे धरलं.

पांढरी सुती साडी. बारीक निळा काठ. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. काठाच्या वर, बोटाच्या पेराएवढा, पिवळट डाग.

इस्त्रीचा डाग.

त्या डागाकडे त्या पाहत राहिल्या. तो त्यांनीच पाडला होता. ईस्टरच्या सकाळी, घाईघाईत. तो डाग निऱ्यांत लपवून ती साडी त्यांनी पुढे सहा वर्षं नेसली. आणि दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना फरशी पुसायला म्हणून काढून दिली…

कृपाला दिली.

"ही माझी साडी आहे."

"हो."

"मावशी, ही कुणाची कुंची आहे?"

"सांगितलं ना. येणाऱ्याची."

सरोजिनीबाईंच्या हातातून कुंची मांडीवर गळाली. जणू निखारा धरला होता. 

"ती… इथं येते?"

"शाळेच्या वेळात. तू शाळेत असलीस की. दुपारी तासभर बसते, शिवते, जाते. खण माझा. अस्तर तिने आणलं. घरात नवं काही आणायचं नाही म्हणालीस. तिने आणलं नाही. तुझा शब्द पाळला पोरीने."

"आणि तुम्ही मला शिवण घालायला लावलीत. मला न सांगता."

"हो."

"व्रत होतं माझं. प्रभूसमोर घेतलेलं. गेलेल्या नातीच्या मातीवर हात ठेवून घेतलेलं. मोडलंत तुम्ही."

"मी कशी मोडीन? टाके तुझे आहेत."

"बाळ यायला महिनाच राहिलाय, मावशी. फक्त एक महिना. आता काही कमी-जास्त झालं तर…"

 दोन्ही हात त्यांनी मांडीपासून लांब धरले होते. कुंचीला लागू नयेत असे.

मावशींनी हात पुढे केला, चाचपत त्यांचं मनगट शोधलं आणि धरलं. म्हातारीची पकड सुइणीची होती.

"सरू."

या नावाने त्यांना हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुझी आई अडली होती तेव्हा मी नवी होते. बावीस वर्षांची. पाय आधी आले होते तुझे. मला वाटलं, दोन्ही जाणार. मी पाणी तापवायला ठेवलं. लंगोट कढत पाण्यातून काढून उन्हात घातले. दोरीवर एकेक. तुझा बाप ओरडला माझ्यावर, ही वेळ आहे का धुणं वाळत घालायची?"

"मग?"

"मग काय. ते वाळले."

सरोजिनीबाई रडत होत्या. आवाज न करता, शाळेत मुलींसमोर रडू आलं तर आवरायच्या तसं. यावेळी आवरेना.

"कृपा काय म्हणते?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. "माझ्याशी ती बाळाचं नावही काढत नाही. मला वाटायचं, ती भितेय."

"भितेच की."

"मग शिवते कशी?"

"भीत भीत शिवते."

मावशींनी मनगट सोडलं नाही.

"पहिल्या दिवशी आली तेव्हा ही साडी पोटाशी धरून आली होती. म्हणाली, मावशी, ठेवायचं की न्यायचं ते प्रभूने ठरवावं. मी त्याच्याशी भांडणार नाही. पण या खेपेला माझं बाळ शिक्क्याच्या चादरीत जाणार नाही. घरी गेलं तरी, त्याच्याकडे गेलं तरी… आजीच्या पदरात जाईल."

झाडूचा आवाज थांबला होता.

सरोजिनीबाईंनी खाली पाहिलं. मांडीवर कुंची होती. हिरव्या खणाला मागून बारीक, सरळ शिवण. आत इस्त्रीचा डाग, बरोबर जिथे बाळाचा कान येईल तिथे.

लांब धरलेले हात हळूहळू खाली आले. आधी बोटं टेकली. मग तळवे.

कुंची उचलून त्यांनी गालाला लावली.

"मावशी…"

"बोल."

"आता काय होईल?"

मावशींनी ती त्यांच्या हातातून घेतली. टोपी चाचपली, पाठीवरच्या चुण्या चाचपल्या, खालची कड शेवटपर्यंत चाचपली. गळ्याशी येऊन बोटं थांबली.

सुई पुन्हा पुढे आली.

"बंद लावायचे राहिलेत. दोरा ओव."