मावळत्या विद्येचा शाप

एका राज्यात सूर्य मावळला की त्याच्याबरोबर बायकांची विद्याही मावळत असे. दिवसभर गिरवलेले अक्षर, ओळखलेली औषधे, सोडवलेले गणित, सारे तिन्हीसांजेला मनातून पुसून जाई. चूल आणि चाकरी तेवढी आठवे.

हा शाप कालकेतू मांत्रिकाचा. भर राजसभेत एका विदुषीने त्याला वादात हरवले. संतापाने त्याने कमंडलूतले पाणी उधळले आणि म्हटले, "या राज्यातल्या स्त्रीची विद्या दुसरी सकाळ पाहणार नाही." राजाने हात जोडले, पण सुटलेला शाप मांत्रिकालाही माघारी घेता येईना. विदुषी परमुलखात गेली, कालकेतू आपल्या आईला घेऊन राज्यातल्याच एका डोंगरावर जाऊन राहिला, आणि शाप तेवढा मागे उरला.

वर्षे लोटली. शापाआधी शिकलेली एकच सुईण आता हयात होती, कोंडाई. तीही थकत चालली होती. तिच्यामागे अडलेल्या बाईला सोडवणार कोण, ही चिंता घराघरांत बायकांना लागली होती.

त्याच नगरात गोजरा नावाची विणकराची सून होती. तिची नणंद तानू बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दोघींचे सूत असे जमले होते, की एकीला ठेच लागली तर दुसरी कळवळावी. गोजरा कोंडाईकडे गेली.

"कोंडाई, मला शिकवा."

"शिकवीन. पण संध्याकाळी विसरशील."

"मग सकाळी पुन्हा येईन."

गोजरा रोज जाई. म्हातारी रोज पहिल्यापासून सांगे आणि गोजरा रोज पहिल्यांदाच ऐके. सासू म्हणाली, "अगं, फुटक्या घागरीत किती पाणी ओतशील?" गोजरा हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

मग तिने शापाशी झुंज मांडली.

पहिल्यांदा तिने औषधांच्या खुणा हातावर गोंदवून घेतल्या. सकाळी खुणा जागच्या जागी होत्या, पण कोणती खूण कशाची, ते काही केल्या सांगता येईना. दुखरा हात पदराखाली धरून ती खूप रडली.

दुसऱ्यांदा ती तळ्याकाठच्या राजसारसाकडे गेली. तो सारस घराएवढा होता आणि माणसासारखा बोले.

"पक्षिराजा, मला सूर्याच्या मागे ने. तो मावळलाच नाही, तर मी विसरणार नाही."

सारसाने तिला पाठीवर घेतले. सूर्य पुढे, सारस मागे. खालून राने गेली, नद्या गेल्या, समुद्र आला. शेवटी सारसाचे पंख जड झाले.

"बाई, मी थकलो. सूर्य थकत नाही."

"तुझा काय दोष? चल, मागे फिरू."

ती चिडली नाही म्हणून सारसाला तिची माया वाटली. तो म्हणाला, "शापाची गाठ कधी सुटेल, ते मी जाणतो. ज्या सकाळी राज्यातली एकही बाई विसरलेली नसेल, त्या सकाळी ती सुटेल. कशी, ते मलाही ठाऊक नाही."

तिसऱ्यांदा जे घडले, ते गोजराने ठरवून केले नव्हते. त्या दिवशी दुपारी तानू भिऊन तिच्या कुशीत शिरली. "वहिनी, बाळ पायाळू असलं तर?"

"तर ओढायचं नाही. धीर धरायचा, त्याला त्याच्या कलाने येऊ द्यायचं." कोंडाईने सकाळी सांगितलेले सगळे गोजराने नणंदेला समजावले, तिच्याकडून वदवून घेतले. तानूची भीती गेली. सूर्य मावळला.

सकाळी गोजरा उठली आणि जागीच थबकली. तिला सारे आठवत होते!

"तानू, ऊठ! काल मी काय शिकवलं?"

तानूने डोळे चोळले. "मला काही आठवत नाही, वहिनी." मग तिच्याही ध्यानात आले आणि ती टाळी वाजवून म्हणाली, "तुम्ही शिकवलंत म्हणून तुमचं राहिलं! मला पुन्हा सांगा. मी शेजारच्या काकूंना सांगते."

झाले. त्या दिवसापासून गल्लीगल्लीतून बायका एकमेकींच्या ओट्यावर दिसू लागल्या. एकीने औषध सांगावे, दुसरीने हिशेब. राणीने दासीला अक्षर शिकवले आणि दासीने राणीला वस्त्र रंगवणे. तानूला मुलगी झाली, पायाळूच. गोजराने धीर धरून तिला सुखरूप आणले. कोंडाई दाराशी बसून नुसती बघत राहिली.

पण शाप सुटला नाही. सारस येऊन म्हणाला, "एक बाई उरली आहे. डोंगरावर, कालकेतूची आई."

गोजरा डोंगर चढून गेली. अंगणात पांढऱ्या दाढीचा मांत्रिक म्हाताऱ्या आईचा हात धरून तिला धुळीत अक्षर गिरवायला शिकवत होता. सगुणाई तिचे नाव.

"हे रोज चालतं," कालकेतू गोजराला बाजूला नेऊन, खाली मान घालून म्हणाला. "शाप उच्चारताना माझी आईही स्त्री आहे, हे मी विसरलो. तिला अजून सांगण्याचा धीर झाला नाही."

गोजराला राग यायला हवा होता. तिला दोघांचीही कणव आली. तिने सगुणाईला शेजारी बसवून नवजात बाळाची निगा शिकवली. मग ती म्हणाली, "आता हे ज्याला येत नाही त्याला शिकवा, तुमच्या लेकाला."

कालकेतू ताठ झाला. "मी कुणाचा शिष्य होत नाही."

"तर तुमच्याच शापाने उद्याही तुमची आई रिकामी उठेल."

सगुणाईने मुलाकडे टक लावून पाहिले. "म्हणजे हे तू केलंस?"

मांत्रिकाने मान हलवली. दंड खाली ठेवून तो आईपुढे जमिनीवर बसला. तिने बाळ म्हणून शालीचे गाठोडे त्याच्या हातात दिले.

"बाळाच्या मानेखाली तळवा. असा नव्हे, पडेल ते! रडलं नाही तर काय करशील?"

"मंत्र म्हणेन."

"तोंड पुसायचं, पाठ चोळायची, ऊब द्यायची. म्हण."

जगाचा थरकाप उडवणारा मांत्रिक गाठोड्याची पाठ चोळत म्हणू लागला. सूर्य मावळला.

उजाडताच सगुणाईने हाक मारली, "कालकेतू! काल तू मान नीट धरली नव्हतीस. ये इकडे, पुन्हा दाखवते."

मांत्रिक आईच्या पायांवर कोसळला. त्याच क्षणी राज्यभरच्या बायकांना आजवर शिकून विसरलेले सारे एकदम आठवले. कुणी आनंदाने ओरडली, कुणी भांडे हातातून सोडले, कुणी मुकाट्याने अंगणात जाऊन सबंध बाराखडी लिहून काढली.

राजाने गोजराला बोलावले. "माग, काय हवे?"

"महाराज, आम्हाला बसायला एक मोठी जागा द्या. ओटे पुरत नाहीत."

राजाने आपला उन्हाळी महाल दिला. विदुषीला मानाने परत आणले, तिला मुख्य गुरूचे आसन मिळाले. अक्षरे शिकवायला कालकेतू आला. त्याच्या वर्गात पहिल्या ओळीत सगुणाई बसे, आणि त्याचा आवाज जरा चढला की सगळ्यांदेखत म्हणे, "हळू रे, पोरी घाबरतात." कालकेतू म्हणे, "होय, आई," आणि तेच अक्षर पुन्हा, हळू आवाजात, सांगे.