तळघरातला रांजण

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा मांजरं बोलत असत. माणसं मात्र तेव्हाही ऐकत नसत.

एका थंड डोंगरावर एक गाव होतं. तिथे घरोघरी नाचणी आंबवून पेय करायची रीत होती आणि त्या कामात एका बाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. या बाईच्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांनी नवरीच्या घरच्या एकाच रांजणातलं पेय प्यायचं, अशी तिथली चाल. रांजण नीट आंबला नाही, तर वरपक्ष तो अपशकुन मानून आल्या वाटेने परत जाई. म्हणून लग्नाला आठ दिवस उरले असताना बाईने चुलीशेजारी मोठा रांजण भरला.

दुसऱ्या दिवशी तो फसफसू लागला. वर चांगला वीतभर फेस आला.

तिसऱ्या दिवशी पाहते तो फेस चार बोटं खाली गेलेला.

"कोणीतरी प्यालं," बाई म्हणाली.

आता कोण? शेजारीण सकाळीच चुलीसाठी विस्तव मागायला आली होती आणि नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली होती. निदान आता आठवताना तरी तसं वाटत होतं. घरातली मांजरी रांजणाला पाठ लावून झोपली होती, पण झोपेचं सोंग काय, चोरही घेतातच. संशयाला पुरावा लागत नाही हो, थोडा मोकळा वेळ पुरतो.

बाईने लेकीच्या मदतीने रांजण दगडी तळघरात उतरवला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तरी तिला चैन पडेना. दिवसातून सहा वेळा ती खाली जाई, झाकण काढी आणि आत काडी बुडवून पेय मोजी.

पाचव्या दिवशी रांजण गप्प झाला. बाईने कान लावला, आत काही हालचाल नाही. बोट बुडवून चाखलं, तर पाकासारखं गोड. तयार पेय जिभेला चरचरतं. हे अर्ध्यातच थांबलं होतं.

बाईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, तेव्हा तिची खात्रीच पटली. ती तडक शेजारणीच्या दारात गेली.

"माझा रांजण बसला. नजर तुझीच."

"माझी? अगं, तुझ्या रांजणाकडे बघायला मला सवड कुठाय? माझाच चुलीपाशी फसफसतोय."

"तेच म्हणते मी. माझा बसतो अन् तुझा कसा चालतो?"

शेजारणीने दार लावून घेतलं.

घरी लेक चुलीपुढे डोळे पुसत बसली होती. "आई, चारच दिवस राहिले गं." तिच्या मांडीवर मांजरी होती. बाईने मोर्चा मांजरीकडे वळवला. "तूच प्यालीस ना?"

"मला त्याचा वासही सोसत नाही," मांजरी म्हणाली. "मी आपली ऊब शोधते, बाई. रांजण इथं होता तेव्हा त्याला टेकून झोपायचे. तळघरात एकदा तुझ्या मागून आले, तर पाय गारठले. जिथं मांजराला झोप लागत नाही, तिथं नाचणी कशी आंबेल?"

"आणि चार बोटं फेस कुठं गेला?"

"तिसऱ्या दिवशी फेस खाली बसतोच. दरवर्षी बसतो. दरवर्षी तू मोजत नव्हतीस."

बाई खाली गेली आणि रांजणावर हात ठेवला. तो ओढ्यातल्या धोंड्यासारखा गार होता. गारठ्यात काही आंबत नाही, हे तिनेच गावातल्या सगळ्या नव्या सुनांना शिकवलं होतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

उपाय तिला ठाऊक होता. रांजण पुन्हा उबेला आणायचा आणि त्यात चालू रांजणातला पळीभर जिवंत फेस घालायचा. पण भरला रांजण उतरवायला दोघी पुरल्या, तरी वर चढवायला तिसरी लागणार होती. आणि चालू रांजण शेजारणीच्याच घरी होता.

लेकीला घेऊन ती पुन्हा त्या दारात उभी राहिली. "मी चुकले. कोणी प्यालं नव्हतं. मीच त्याला थंडीत कोंडलं."

शेजारणीने तिला न्याहाळलं. "अन् उद्या परत बसला, तर माझ्या फेसात काही कालवलं होतं म्हणशील."

"नाही म्हणणार."

"कशावरून?"

शेजारणीने बाईच्या मागे उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं आणि पळी उचलली. "पोरीसाठी देते."

तिघींनी मिळून रांजण वर आणला, चुलीशेजारी घोंगडीत गुंडाळला, हलकेच ढवळला आणि फेस घातला. दुसऱ्या दिवशी मांजरी त्याला टेकून झोपलेली दिसली आणि आत फसफस सुरू होती. लग्नाच्या दिवशी पेय जिभेला चरचरलं, वरपक्ष तृप्त झाला, लेक सुखाने सासरी निघाली.

बाईने पहिला वाडगा भरून शेजारणीपुढे धरला.

"आधी तू पी," शेजारीण भरल्या मांडवात म्हणाली.

बाईने मान खाली घालून घोट घेतला. मग शेजारणीने वाडगा रिकामा केला, खाली ठेवला आणि ती घरी गेली.

रांजण एका दिवसाच्या उबेने पुन्हा उठला. शेजारीण मात्र पुढची दोन वर्षं विस्तव आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जात राहिली.

म्हणून थोरामोठ्यांनी आणि पोरासोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: संशयाने कुलूप घातलं, की चोर बाहेर राहो न राहो, ऊब नक्की बाहेर राहते.