वैद्याचं पाणी

"चाचा, मग माझं चुकतंय कुठं?"

इब्राहिमचाचांनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काही चुकत नाही. झकास वैद्य केलायस."

निनादला हेच ऐकायचं होतं, तरी ऐकून बरं वाटलं नाही.

चाचांनी उभ्या हयातीत मिरजेत बड्या बड्या गवयांना तबल्याची साथ केली होती. बोटं आखडली तेव्हा नातवंडांनी त्यांना ऑनलाइन गेमचा नाद लावला, आणि म्हातारा तिथंही साथीलाच बसला. पुढच्यांनी लढायचं, यानं मागे राहून त्यांच्या जखमा भरायच्या. निनाद आणि त्याची धाकटी बहीण शाल्मली लहानपणी त्यांच्याकडे तबला शिकलेली. त्यामुळे गेममध्ये अडलं तरी निनादचे पाय याच घराकडे वळत.

गेममधला निनादचा गडी म्हणजे रणमल्ल, आघाडीचा तलवारबाज. शाल्मली त्याच्या तुकडीची वैद्य. ती नोकरीसाठी चंद्रपूरला गेली, तेव्हापासून भावाबहिणीची गाठ पडायची ती तिथल्या डोंगरदऱ्यांतच. एकदा असुराच्या गुहेत सगळी तुकडी मेली. निनादनं चारचौघांत, चाचांच्या देखत, तिला सुनावलं, "तुझ्यामुळे हरलो. कायम मागेच रेंगाळतेस."

त्यानंतर ती खेळायला आली नाही. फोनही केला नाही.

मग या पठ्ठ्यानं काय करावं? चुकलो म्हणावं? छे! त्यानं नवं पात्र काढलं आणि स्वतःच वैद्य झाला. गेममध्ये मिळालेले सगळे गुण औषधोपचारावर लावले, नाव ठेवलं धन्वंतरी. तुझ्यावाचून अडत नाही, एवढंच बहिणीला दाखवायचं होतं. पण धन्वंतरीच्या हाताखाली माणसं पटापट मरू लागली, आणि सोबतची पोरं त्याला बघून वाट बदलू लागली.

"गुणांची वाटणी बरोबर आहे, तर माणसं का मरतात?"

"बघू की. तुझा तो रणमल्ल दे माझ्याकडं. तू वैद्य हो."

"तुम्ही तलवार चालवणार?"

"चालवतो की. तुझ्यासारखी."

चाचा आपल्या कॉम्प्युटरवर बसले, निनाद शेजारी लॅपटॉप घेऊन. दोघं गुहेत शिरले. आखडलेल्या बोटांनी चाचांनी रणमल्लला असा काही पिटाळला की निनाद बघतच राहिला. पहिले राक्षस आडवे झाले. धन्वंतरीनं जखमा भरल्या, आणि त्याची ताकद आटली. या गेममध्ये वैद्याची ताकद आटली की त्यानं खाली बसून पाणी प्यायचं असतं. त्याशिवाय पुढचं औषध लागू पडत नाही.

निनादनं त्याला बसवलं. तोवर रणमल्ल पुढच्या दालनात गेलासुद्धा.

"चाचा, जरा..."

चाचांना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

निनाद धावला. अर्ध्या ताकदीनं कशीबशी मलमपट्टी केली, पुन्हा बसला. रणमल्ल पुन्हा पुढे.

"अहो चाचा, थांबा की! पाणी पितोय ना मी!"

रणमल्ल मेला. पाठोपाठ धन्वंतरीही मेला.

"मागेच रेंगाळतोस तू," चाचा शांतपणे म्हणाले.

निनाद रागानं वळला. पण तोंडाशी आलेला शब्द तिथंच थांबला...

दादा, थांब. पाणी पितेय.

पडद्याच्या कोपऱ्यात शाल्मलीची ही अक्षरं रोज उमटायची. तो रोज वाचायचा, आणि वाचून पुढे पळायचा.

त्याला लाज वाटली, खरीखुरी. बहिणीची इतकी आठवण त्याला ती चंद्रपूरला गेली त्या दिवशीही आली नव्हती.

"चाचा..."

"हं."

"थोडे गुण काढून दुसरीकडे लावून बघू का?"

चाचा उठले. कोपऱ्यातल्या मडक्यातून पेलाभर पाणी घेतलं, खाली बसले आणि सावकाश, घोट घोट प्यायले. निनादकडे त्यांनी पाहिलंही नाही. निनाद वाट बघत राहिला.

पेला रिकामा झाल्यावर निनादनं लॅपटॉप मिटला आणि खिशातून फोन काढला.

चंद्रपूरला घंटी वाजू लागली. वाजत राहिली... कोणी उचलेना.

निनादचा अंगठा सवयीनं लाल खुणेकडे गेला.

चाचांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. पाणी पीत असेल ती."