विभूतीनं न गेलेले डाग

“हे जात का नाहीत, अक्का?”

महानंदानं दोन्ही हात पुढं केले. हातांच्या पाठी लालबुंद, सालटं निघालेली. आणि त्या लालीतही तपकिरी डाग तसेच, कुणी चहा शिंपडल्यासारखे.

चन्नाक्का मठाच्या पडवीत बसल्या होत्या. मठ त्यांचा. त्यांच्या हातची विभूती कपाळाला लावून घ्यायला आसपासची गावं येतात. पण यंदा थंडीत अक्कांचा उजवा खांदा धरला तो धरलाच. हात वर उचलवत नाही.

मठाची रीत अशी, की गुरूचा हात थकला की जत्रेच्या दिवशी शिष्यानं विभूती लावायची. एकदा लावली, की तो हात मठाचा. मरेपर्यंत.

जत्रा उद्यावर आलेली. आणि उद्याचा हात महानंदाचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाई देखणी. खोटं कशाला बोलू? पन्नाशी ओलांडली, तरी गावोगाव संतांची वचनं सांगायला उभी राहिली की बाया आधी तिला बघतात, मग ऐकतात. हे तिलाही ठाऊक आहे. चांगलंच ठाऊक आहे.

“काय लावलंस ह्याला?” अक्कांनी विचारलं.

“विभूती.”

“कुठली?”

“आपलीच. मठातली. लिंबाच्या रसात कालवून घासत होते. सकाळ-संध्याकाळ.”

मी तिथंच लसूण सोलत होते. स्वयंपाक माझ्याकडं असतो. मला काही गप्प बसवेना.

“अगं बाई, राखेनं मी तवा घासते!”

“तू मधे बोलू नकोस. तुला श्रद्धेतलं काय कळतंय?”

“नसेल कळत. तव्यातलं कळतंय.”

अक्का गालात हसल्या. मग महानंदाकडं वळल्या.

“तोंडालापण घासलीस?”

महानंदानं पदर गालावर ओढून घेतला.

...

“मंत्र म्हणून लावली, अक्का. उपास धरून लावली. ह्याच विभूतीनं लोकांची दुखणी पळतात म्हणतात ना? मग माझे डाग का गेले नाहीत? उलट कातडी सोलली. म्हणजे तिनं मला नाकारलं. जी मला मानवत नाही, ती मी दुसऱ्याच्या कपाळाला कुठल्या तोंडानं लावू? उद्या दुसऱ्या कुणाला बसवा.”

ह्या एका दिवसासाठी ती बाई किती वर्षं झिजली, ते मी पाहिलंय. पाय सुजेपर्यंत चालली. आणि आता दारात येऊन माघारी फिरायला निघाली होती.

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या.

“विभूतीनं नाकारलं म्हणून नको म्हणतेस, का लोक हात बघतील म्हणून?”

महानंदानं हात पदराखाली घेतले.

अक्कांना घाई कधीच नसते. मी तेवढ्यात अख्खा गड्डा सोलला.

“...दोन्ही,” महानंदा म्हणाली.

“बरं झालं. आता बोलता येईल.”

“लोक म्हणतील, म्हातारी झाली. काल गुरू म्हातारी होती, आज शिष्यीणपण म्हातारी.”

“बाही वर कर.”

“काय?”

“झंपराची बाही वर कर. दंड आतून दाखव.”

महानंदानं बाही सारली. दंडाची आतली बाजू नितळ. नावाला डाग नाही.

“ही कातडी कधीची?”

“कधीची म्हणजे? माझ्याबरोबरचीच.”

“आणि हाताच्या पाठीची?”

“तीपण.”

“मग एक म्हातारी आणि एक तरणी, असं कसं?”

महानंदा कधी दंडाकडं बघे, कधी हाताकडं. दोन बायकांचे हात असावेत, असे दिसत होते खरे.

“हाताला काय लागलं, जे दंडाला लागलं नाही?”

...

“ऊन,” महानंदा हळूच म्हणाली.

“ऊन. गावं पायी पालथी घातलीस. डोक्यावर पदर घेतलास, हात आणि तोंड उघडंच. ऊन सावलीत आल्यावर निघून जातं असं वाटतं आपल्याला. जात नाही. कातडीत साठत राहतं आणि उतारवयात वर येतं. त्यात विभूतीनं नाकारायचं काय आलं? वर लिंबू चोळून पुन्हा उन्हात हिंडलीस. लिंबानं आणि उन्हानं मिळून जास्तच काळं पडतं.”

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“तालुक्याला कातडीचा डॉक्टर आहे, त्यानं.”

“तुम्ही डॉक्टरकडं गेला होता?”

“का? मठात राहते म्हणून मला कातडी नाही?”

अक्कांनी डाव्या हातानं कानशिलावरचे केस मागं सारले. तिथं पांढरा बारका व्रण होता.

“इथं एक होता. बाकीच्यांसारखा नव्हता. वाढायला लागला, कड वेडीवाकडी, मधेच रक्त यायचं. डॉक्टरनं काढून टाकला. वेळेवर आलात म्हणाला.”

मग त्यांनी महानंदाचा हात मांडीवर घेतला आणि उजेडाकडं फिरवून एकेक डाग बघितला. आम्ही ज्वारीत खडे बघतो, तसा.

“हे सपाट आहेत. एका रंगाचे, गप बसलेले. ह्यांची भीती नको... हा एक मात्र वेगळा.”

मनगटाजवळचा होता. काळपट.

“वाढला का हा?”

“दिवाळीत लहान होता.”

“जत्रा उरकली की लगेच दाखवून ये.” अक्कांनी माझ्याकडं बोट केलं. “हिला सोबत ने. ही डॉक्टरला पण बोलायला कमी करणार नाही.”

“वाईट असेल का काही?”

“नसेलही. बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि बघायचं काम माझं नाही.”

महानंदानं मान हलवली. मग जरा घुटमळली.

“आणि... बाकीचे? ते घालवता येतात?”

“मलम देतो डॉक्टर. फिकट होतात थोडे, सावकाश. लाव की.”

“लावू?”

“लाव. पण दुपारचं ऊन टाळ. छत्री घे, लांब बाह्या शिव, उन्हासाठी वेगळं मलम मिळतं ते आधी लाव. नाहीतर जुने फिकट होतील आणि त्यांच्या शेजारी नवे येऊन बसतील.”

महानंदा बघतच राहिली.

“मला वाटलं, तुम्ही रागवाल. देहाचा मोह सोड म्हणून तुम्हीच सांगितलं होतं.”

“मोह सोडायला सांगितला होता. देह सोलायला नव्हता सांगितला.”

मला हसू आवरेना. महानंदानं माझ्याकडं डोळे वटारले आणि मग तीच हसली. किती दिवसांनी हसली बाई!

मी तिचे हात गार पाण्यानं धुवून दिले, वरून खोबरेल लावलं. चुरचुरलं तरी हूं की चूं केलं नाही. अंगणात गडी मांडव घालत होते. भाकरीचं पीठ मळायचं राहिलं होतं, पण उठावंसं वाटेना.

“पण उद्या...” महानंदानं पुन्हा तेच काढलं. “सगळं पटलं, अक्का. तरी लोक हाताकडं बघणारच. एवढी माणसं येतील. हे हात सगळ्यांच्या तोंडासमोर न्यायचे...”

“ती विभूतीची वाटी आण.”

तिनं आणली.

“मला लाव.”

“तुम्हाला? मी?”

“माझा हात पोचत नाही. सकाळपासून कपाळ कोरडं आहे.”

महानंदा गुडघ्यांवर बसली. तीन बोटं विभूतीत टेकवली. अक्कांनी पदर मागं घेतला, मान थोडी वर केली आणि विभूती घेताना सगळेच मिटतात तसे डोळे मिटले.

कपाळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत महानंदानं तीन पट्टे ओढले. सरळ, सावकाश. कुठं घाई नाही.

अक्का तशाच बसून राहिल्या. चेहरा असा शांत, की मांडववाल्यांची ठोकाठोकसुद्धा मला ऐकू येईनाशी झाली.

मग त्यांनी डोळे उघडले.

महानंदा हात लपवायचं विसरली होती. आठवण झाली तशी तिनं विचारलं, “खरं सांगा, अक्का. लावताना डाग फार दिसत होते का हो?”

“मला काय विचारतेस? माझे डोळे मिटलेले होते.”