जांभळाच्या मुळाशी पडलेलं भोक

एका रानात डोहाच्या काठी एक साळिंदर राहत असे. भर उन्हाळ्यात साऱ्या रानाला पाणी तेवढंच, आणि ते अडलं होतं एका मातीच्या बांधाने. डोहाची राखण करणाऱ्या कासवआजोबांची आज्ञा एकच : "रानभर कुठेही उकरा, हवे ते कंद खा. फक्त बांधावरच्या जांभळाच्या मुळाशी उकरायचं नाही." मुलांनो, एवढं मोठं रान मोकळं असताना एक जागा सोडायला काय जड जातं? पण जातं बरं! एदेन बागेत आदाम आणि हव्वेलाही एकच झाड वर्ज्य होतं, हे आपण गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये वाचलंच की.

एके दिवशी कोल्हा साळिंदराला म्हणाला, "सगळ्यात गोड कंद त्या मुळाशीच आहे. म्हणून तर म्हातारा कुणाला फिरकू देत नाही!" झालं, साळिंदराच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने उकरलं, कंद खाल्ला, आणि बघतं तर काय, भोकातून पाण्याची धार! घाबरून त्याने भोकावर पालापाचोळा ओढला आणि करवंदीच्या जाळीत जाऊन दडलं. वर्ज्य झाडाचं फळ खाल्ल्यावर अंजिराच्या पानांनी अंग झाकून झाडांत लपलेले ते दोघे आठवले ना? खोड तीच.

दुपारपर्यंत डोह निम्मा झाला. हरणांची पाडसं चिखल चाटू लागली. कोल्हा साळसूदपणे म्हणाला, "बांध पोखरणार कोण? खेकडाच!" सगळे धावले खेकड्याचं बीळ बुजवायला. खेकडा बिचारा ओरडतोय, "अहो, माझं बीळ कोरडं आहे, बघा तरी!" ऐकतो कोण! माकडं चिखल थापत होती एकीकडे, आणि पाणी पळत होतं दुसरीकडे. खरं भोक कुठे आहे, हे एका साळिंदरालाच ठाऊक होतं.

तेवढ्यात आजोबांनी हाक मारली, "साळिंदरा, कुठे आहेस?" आदामालाही देवबापाने अशीच हाक मारली होती. आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने तिला भुलवणाऱ्या सर्पाकडे. आपल्या साळिंदरालाही कोल्ह्याकडे बोट दाखवता आलं असतं. पण शाबास त्याची! ते सरळ बाहेर आलं, जांभळापाशी गेलं आणि सगळ्यांदेखत म्हणालं, "आजोबा, खेकड्याने नाही, मी केलं. भोक इथे आहे, ह्या पाल्याखाली."

मग काय, सगळ्यांनी मिळून घटकाभरात भोक बुजवलं. गुडघाभर का होईना, पाणी वाचलं. खेकड्याची सर्वांनी माफी मागितली. आजोबा म्हणाले, "आज्ञा मोडलीस, त्याची शिक्षा आहेच. पाऊस पडेपर्यंत रोज तूच बांधाला चिखल लिंपायचा." साळिंदराने मान खाली घालून विचारलं, "आणि मला ह्या डोहावर पाणी प्यायला येऊ द्याल ना?" आजोबांचे डोळे भरून आले. "अरे वेड्या, मी हाक मारली ती तुला हाकलायला नव्हे. तू परत यावंस म्हणून मारली. ये, आधी पाणी पी."

तात्पर्य : आज्ञा मोडणं वाईटच, पण मोडलेली आज्ञा पाल्याखाली झाकणं त्याहून वाईट; हाक आली की पुढे होऊन 'मी केलं' म्हणणाऱ्याला क्षमा मिळते.